उसन्या अधिकाराचा हिशेब

सप्रेम आशीर्वाद.

नेत्याच्या कार्यालयात सल्लागार म्हणून रुजू होणार असल्याचं तुझं पत्र मिळालं. फार आनंद झाला. तू विचारलं आहेस, निवडणुकीच्या धामधुमीत ज्या माणसावाचून नेत्याचं पान हलत नाही, त्याच्यावरच दोन-तीन वर्षांत मर्जी खप्पा का होते? मतं जुळेनाशी होतात, असं सहसा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मतभेद पहिल्या दिवसापासून असतात आणि शहाणा नेता ते ऐकण्यासाठीच माणूस जवळ ठेवतो. बिनसतं ते अधिकारावरून. सल्लागाराला स्वतःचा अधिकार नसतो. त्याच्या तोंडून नेता बोलतो आहे या विश्वासावर लोक त्याचं ऐकतात. हा अधिकार उसना आहे. त्याचा हिशेब देणं सुटलं की संशय शिरतो.

हे कसं घडतं ते एका साध्या फोनवर बघ. एखाद्या खात्याचा सचिव विचारतो, ‘साहेबांचं काय म्हणणं आहे?’ साहेब विमानात आहेत. त्यांचं मन तुला ठाऊक आहे, म्हणून तू सांगून टाकशील, ‘पुढे जा.’ पहिल्या वेळी अंदाज बरोबर निघेल, दहाव्या वेळीही निघेल. अकराव्या वेळी चुकेल, आणि ते नेत्याला त्याच सचिवाकडून कळेल: ‘आपल्या कार्यालयातूनच निरोप होता.’ एक निर्णय चुकला हे नेता विसरेल. आपल्या नावावर असे किती फोन झाले असतील, ही शंका मात्र जाणार नाही. मागचे दहा बरोबर फोनसुद्धा तिच्या पोटात जातात.

म्हणून एक वही ठेव. तारीख, वेळ, कोणाला, काय सांगितलं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे विचारून सांगितलं की अंदाजाने. अंदाजाच्या नोंदींवर खूण कर आणि त्या त्याच रात्री नेत्याच्या कानावर घाल. अर्धं पान पुरे. त्याहून लांब टिपण कोणी वाचत नाही. नेता म्हणेल, ‘हे सगळं मला कशाला सांगता?’ तरी थांबू नकोस. हा कंटाळा पहिल्या वर्षातला असतो, शंका तिसऱ्या वर्षात येते.

अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन आणि कर्नल हाऊस यांचं नातं याच जागी तुटलं. हाऊस कोणत्याही पदाशिवाय वर्षानुवर्षं त्यांचे सर्वांत जवळचे सल्लागार होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेतून विल्सन फेब्रुवारी 1919 मध्ये महिनाभरासाठी मायदेशी गेले आणि वाटाघाटी हाऊस यांच्याकडे आल्या. मार्चमध्ये परतल्यावर, आपल्या मागे यांनी नको तितकं सोडून दिलं, असं विल्सन यांचं मत झालं. हाऊस यांनी खरोखर किती सोडलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही, आणि मला त्यातच या प्रकरणाचा गाभा दिसतो. समुद्रापार असलेल्या माणसाला रोजच्या देवाणघेवाणीचा तपशील नीट पोहोचला नाही, तर परतल्यावर त्याला फक्त निकाल दिसतो. 28 जून 1919 ला व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या. त्या दिवसानंतर ते दोघे पुन्हा कधी भेटले नाहीत.

दुसरी जागा म्हणजे नेत्याचा दरवाजा. कोण भेटणार, कोणती फाइल आधी जाणार, हे तुझ्या हातात येईल. गर्दी आवरण्यासाठी ते लागतंच. पण आपल्याला डावलून कोणी भेटता कामा नये, असं वाटायला लागलं की माणूस डोईजड होतो. प्रशिया या जर्मन राज्यात 1852 चा एक आदेश होता: मंत्र्यांनी राजाकडे जाताना मुख्यमंत्र्यांमार्फत जावं. 1890 मध्ये मुख्यमंत्री बिस्मार्क यांनी त्याच आदेशावर बोट ठेवलं आणि तरुण सम्राट दुसरा विल्हेल्म याने तो रद्द करायला सांगितलं. आणखीही कारणं होती, पण मार्चमध्ये अठ्ठावीस वर्षांच्या कारभारानंतर बिस्मार्क यांना राजीनामा द्यावा लागला. तुझ्याशी पटत नाही अशी दोन-तीन माणसं नेत्याला नियमित भेटतील, अशी व्यवस्था तूच करून दे. त्यांनी काय सांगितलं हे नेत्याला विचारू नकोस.

नेत्याच्या घरच्यांबद्दल थोडक्यात. त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही आणि त्यांना कमी लेखायचं नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे कार्यालयप्रमुख, डोनाल्ड रीगन यांनी अध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांचा फोन मध्येच आपटला होता. फेब्रुवारी 1987 मध्ये आपल्या जागी दुसरा माणूस येतो आहे, हे त्यांना वृत्तवाहिनीच्या बातमीमुळे कळलं आणि एका ओळीचा राजीनामा देऊन ते निघून गेले. मात्र घरच्या माणसाचा व्यवहार सरकारी कामात येत असेल तर एकदा स्पष्ट बोलावंच लागतं, किंमत मोजूनही. इंदिरा गांधींचे प्रधान सचिव पी. एन. हक्सर यांनी त्यांना मुलगा संजय यांच्या मोटार प्रकल्पाबद्दल सावध केलं होतं. पुढे अंतर वाढलं आणि आणीबाणीत हक्सर यांच्या नातलगांच्या दुकानावर छापे पडले. तरीही त्यांचं बोलणं योग्यच होतं, असं मी मानतो.

नेत्याच्या बाजूनेही एक अवघड गोष्ट असते. त्याची घाबरलेली रात्र, रडकुंडीला आलेला चेहरा, चुकलेलं गणित हे सगळं तू पाहिलेलं असतं. सत्ता आल्यावर त्याला असा साक्षीदार जवळ नकोसा होऊ शकतो. ‘तेव्हा मीच म्हटलं होतं’ हे वाक्य म्हणून विषासारखं काम करतं, खासगीतसुद्धा. पत्रकारांशी बोलताना तर श्रेय अजिबात घेऊ नकोस. ‘पडद्यामागचा सूत्रधार’ अशी बातमी आली की नेत्याच्या विरोधकांपेक्षा नेत्यालाच ती जास्त झोंबते.

विरोध कसा करायचा ते पक्कं ठरवून ठेव. निर्णयाआधी, एकट्यात, एका पानावर: काय बिघडेल, कधी कळेल, पर्याय कोणता. भरल्या बैठकीत नेत्याला पहिल्यांदाच आपला विरोध ऐकवायचा नाही. ऐकलं नाही तर एकदा पुन्हा सांग, मग तो निर्णय आपला मानून राबव. राबवणं शक्यच नसेल तर बाजूला हो, पण निकाल लागण्यापूर्वी. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सायरस व्हॅन्स एप्रिल 1980 मध्ये सुट्टीवर असताना, 11 तारखेच्या बैठकीत, इराणमधल्या अमेरिकी ओलिसांच्या सुटकेसाठी लष्करी मोहीम ठरली. परतल्यावर त्यांनी विरोध नोंदवला. तो मान्य झाला नाही, तेव्हा मोहिमेच्या आधीच राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्याकडे राजीनामा दिला आणि ती संपेपर्यंत त्याची वाच्यता केली नाही. मोहीम फसली, आठ सैनिक गेले. तरी ‘बुडतं जहाज सोडून पळाला’ असं त्यांना म्हणायला जागा उरली नाही.

दुरावा आला की आधी बारीक खुणा दिसतात. तुझ्या टिपणाशिवाय फाइलींवर सह्या होतात. ठरलेली भेट ‘उद्या बघू’ वर जाते. नेता तुझ्यावर रागावणं बंद करतो आणि एकदम सौजन्याने बोलू लागतो. ही खूण सर्वांत वाईट. त्या वेळी चहाड्या कोण करतो याचा शोध घेण्यात दिवस घालवू नकोस. वेळ मागून घे, वही समोर ठेव आणि विचार, ‘यातलं कोणतं मी विचारून करायला हवं होतं?’ उत्तर मिळालं तर ते लिहून घे. उत्तर न देता विषय बदलला, तर त्याच आठवड्यात कागदपत्रांची यादी करून सोपवायला सुरुवात कर.

रुजू झाल्यावर पहिल्या चार दिवसांत नेत्याकडून एवढं ठरवून घे: कोणत्या विषयात मी तुमच्या नावाने बोलू शकतो, कोणत्या विषयात आधी विचारायचं, आणि तुम्ही फोनवर मिळत नसाल तर शेवटचा शब्द कोणाचा. तिन्ही उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिही, ते पान त्यांना वाचायला दे आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा दाखवून घे.