चौदा ठिकाणांतली चार

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतची यादीही मिळाली. बावीस वर्षं पूर्ण होतील तो दिवस हॉटेलात जेवून साजरा करण्यापेक्षा जुन्या शहरात फिरण्यात घालवायचा, हे तुझं ठरवणं मला फार आवडलं. यादी मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली आणि काळजी वाटली. सकाळी नऊ ते रात्री नऊ, चौदा ठिकाणं, प्रत्येकासमोर वेळ लिहिलेली आणि बरोबर सात जण. तू सल्ला विचारलास म्हणून स्पष्ट सांगते : यातली चार ठेव आणि दहा काढून टाक.

वाढदिवशी मनावर एक ओझं असतंच. आजचा दिवस छान गेलाच पाहिजे, असं आपल्यालाही वाटतं आणि बरोबरच्यांनाही. त्यात घड्याळ बांधलं की पहिल्या ठिकाणी वीस मिनिटं उशीर होतो, तो दुसरीकडे भरून काढायचा प्रयत्न होतो आणि दुपारपर्यंत ज्याचा वाढदिवस तोच बाकीच्यांना हाकायला लागतो. ‘चला, चला, अजून आठ राहिलीत.’ असा दिवस मी बऱ्याच जणांचा पाहिला आहे. संध्याकाळी सगळे दमलेले असतात आणि काय पाहिलं ते कुणालाच नीट आठवत नाही.

तुझी यादी एवढी वाढली यात तुझी चूक नाही. नकाशावर जुनं शहर खरंच लहान दिसतं. ते पायी चालणाऱ्यांसाठी वसलेलं असतं आणि बहुतेकदा तटबंदीच्या आत मावलेलं असतं. इटलीतल्या लुक्का शहराचा तट आजही शाबूत आहे, त्यावरून झाडांच्या सावलीत पूर्ण फेरी मारता येते आणि ती फेरी साधारण चार किलोमीटरची आहे. एवढ्या परिघात अख्खं शहर! त्यामुळे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाच-सात मिनिटांत पोचता येईल हा तुझा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण जुन्या शहरात दर पन्नास पावलांवर थांबावंसं काहीतरी असतं, त्याचा वेळ या हिशेबात धरलेला नाही, आणि खरी मजा नेमकी तिथे असते.

मग चार कुठली? एक उंच जागा, एक पेठ किंवा मोहल्ला, एक छोटं संग्रहालय आणि एक चौक. त्याच क्रमाने.

उंच जागा सकाळी, सगळ्यात आधी. मनोरा असो, टेकडी असो, बुरूज असो. ऊन चढायच्या आत पायऱ्या चढून होतात, गर्दी नसते, आणि दिवसभर आपण ज्यात हिंडणार ते शहर एकदा अखंड दिसतं. वर गेल्यावर फोटो काढायची घाई करू नकोस. आधी तटबंदी शोध. ती बहुतेक ठिकाणी पाडलेली असते, पण तिची जागा लपत नाही. व्हिएन्नाचा तट पाडायचा हुकूम 1857 साली सम्राटाने काढला आणि त्या मोकळ्या पट्ट्यावर जुन्या शहराला वळसा घालणारा रुंद रस्ता झाला. आजही नकाशावर तो रस्ता पाहिला की तट कुठे होता ते बोटाने दाखवता येतं. तू निवडलेल्या शहरातही एखादा रस्ता विनाकारण गोल वळत असेल, एखाद्या पट्ट्यात बागाच बागा असतील, किंवा वेस कधीच गेली तरी चौकाच्या नावात ती उरली असेल. ते वरून दिसतं.

इमारती पडतात, जळतात, नव्या होतात. रस्त्यांची रेघ मात्र सहसा हलत नाही, कारण प्रत्येक घराची हद्द त्या रेघेला बांधलेली असते. रोममधला पियाझ्झा नावोना हा लांबट चौक पाहा. पहिल्या शतकात सम्राट डोमिशियनने तिथे धावण्याच्या शर्यतींसाठी क्रीडांगण बांधलं, पुढे त्याच्या प्रेक्षकसज्जांच्या पायावर घरं उभी राहिली, आणि क्रीडांगण जाऊन शतकं लोटली तरी चौकाचा आकार तोच राहिला. याउलट लिस्बन. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने, त्यामागून आलेल्या लाटांनी आणि आगीने शहराचा मधला सखल भाग उद्ध्वस्त झाला. तो सरळ, काटकोनी रस्त्यांनी नव्याने आखला गेला. शेजारच्या टेकडीवरचा अल्फामा हा मोहल्ला बराचसा वाचला, म्हणून तिथे अजून वाकडे बोळ आणि पायऱ्या आहेत. वरून बघताना तुझ्या शहरातही असे दोन स्वभाव शोध : वाकडा भाग आणि सरळ भाग. सरळ भाग कधी झाला आणि त्याआधी तिथे काय घडलं, हा प्रश्न घेऊन खाली उतर. दिवसभर पुरेल.

खाली आल्यावर एकच पेठ धर. सगळं जुनं शहर नाही, एकच पेठ, आणि ती उलटसुलट फिर. गल्ल्यांची नावं वाच. तांबट, सोनार, विणकर, चांभार, जो व्यवसाय तिथे होता त्याचं नाव गल्लीला राहिलेलं असतं. लिस्बनच्या त्या नव्याने आखलेल्या भागातसुद्धा सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता अशी नावं मुद्दाम दिली होती. कोपऱ्यावरच्या भिंतींच्या पायथ्याशी बघ. तिथे अनेकदा एक तिरका, झिजलेला दगड रोवलेला असतो. गाडीचं चाक वळताना भिंतीला घासू नये म्हणून तो बसवत. तो दिसला की या बोळातून बैलगाड्या किंवा घोडागाड्या वळत होत्या हे कुणी सांगावं लागत नाही. मग वर बघ. ॲमस्टरडॅमच्या घरांच्या शिखराशी एक तुळई बाहेर आलेली असते, कारण जिने इतके अरुंद की सामान दोराने बाहेरूनच वर ओढावं लागायचं. इंग्लंडमध्ये 1696 पासून 1851 पर्यंत खिडक्यांच्या संख्येवर कर होता आणि तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. अशा बुजवलेल्या चौकटी तिथे अजून दिसतात. भिंतीवरची प्रत्येक विचित्र गोष्ट कुणाच्या तरी गरजेतून आलेली असते. बरोबरच्याला विचार : हे असं का केलं असेल? उत्तर चुकलं तरी बिघडत नाही, गप्पा रंगतात.

आता खास वाढदिवसाचं एक काम सांगते. त्या पेठेत तुझ्या वयाची वस्तू शोध. बावीस वर्षांपूर्वीची. ऐकायला सोपं वाटतं, पण जुन्या शहरात तेच सगळ्यात अवघड असतं. दारावर कोरलेलं साल दीडशे वर्षांपूर्वीचं मिळेल, कमानीवरचं त्याहून जुनं. तुझ्या जन्मसालचं काय असेल? बहुधा एखादी दुरुस्ती. बदललेला दगड, नवी तुळई, फरसबंदीचा एखादा पट्टा, एखादं झाड, जीर्णोद्धाराची पाटी. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाबद्दल 1964 साली व्हेनिसमध्ये एक सनद तयार झाली. तिच्यात असं तत्त्व आहे की निखळलेल्या भागाच्या जागी जे नवं घालायचं ते मूळ वास्तूशी जुळणारं हवं, पण जुन्यापासून वेगळं ओळखूही यायला हवं. म्हणून चांगल्या दुरुस्तीत नव्या दगडाचा रंग किंवा घडण किंचित वेगळी दिसते. हे माहीत असलं की डोळा आपोआप तिकडे जातो.

वॉर्सॉचं जुनं शहर तर जवळजवळ संपूर्णच दुरुस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, त्याचा 85 टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला होता. लोकांनी अठराव्या शतकातल्या चित्रकाराची शहरचित्रं आणि जुने आराखडे समोर ठेवून ते पुन्हा उभं केलं, आणि 1980 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिथली एखादी भिंत तुझ्या आजीपेक्षा लहान असेल. म्हणून ते शहर खोटं, असं मी मानत नाही. इतक्या माणसांना ते पुन्हा हवं होतं, ही मला त्या दगडांच्या वयापेक्षा मोठी गोष्ट वाटते. जुनं शहर टिकतं ते दर पिढीतल्या कुणीतरी त्याची काळजी घेतली म्हणून. तुझ्या पिढीने काय केलं, ते त्या दिवशी शोधून काढ.

दुपारी ऊन किंवा पाऊस कसाही असो, आत जा. मोठं संग्रहालय त्या दिवशी नको, त्याला वेगळा दिवस दे. शहराचं स्वतःचं छोटं संग्रहालय असेल तर ते घे. जुने नकाशे, वजनं-मापं, पुराच्या किंवा आगीच्या नोंदी असल्या गोष्टी तिथे असतात आणि सकाळी पाहिलेल्या रस्त्यांचा अर्थ तिथे लागतो. तासाभरात बाहेर पड. अनेक देशांत संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि यंदा तुझा वाढदिवस सोमवारीच येतोय हे मी कॅलेंडरवर पाहिलं. आधी चौकशी कर.

जेवण मुख्य चौकात करू नकोस. दोन गल्ल्या आत जा. तिथे बसायला जागा मिळते आणि कुणी उठायची घाई करत नाही. शुभेच्छांचे फोन जेवताना घे, सगळे. बाकी वेळ फोन पिशवीत राहू दे. घरच्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेव की दुपारी एक ते अडीच या वेळात फोन करा. मग कुणी रुसत नाही आणि तूही दर कोपऱ्यावर ‘हो, थँक यू’ म्हणत मागे पडत नाहीस. मेसेजना उत्तरं दुसऱ्या दिवशी दिलीस तरी चालतं.

सात जणांबद्दल. अरुंद बोळात सात जण एकत्र चालूच शकत नाहीत, त्यांची रांग होते. पुढचे बोलतात ते मागच्यांना ऐकू येत नाही. दिवसभर दोघा-तिघांनी फिरा आणि बाकीच्यांना संध्याकाळी चौकात बोलाव. दिवसाचे दोघं निवडताना जवळीक किती यापेक्षा चाल बघ. ज्याला थांबायला आवडतं असा माणूस हवा. बरोबर कुणी वयस्क असतील किंवा कुणाच्या पायाला त्रास असेल तर दगडी फरसबंदीचा आणि पायऱ्यांचा रस्ता आधी बघून ठेव. चाकाची खुर्ची अशा दगडांवर फार कष्टाने चालते. मनोरा मग गाळायचा, तिघांनीही. एकाला खाली बसवून दोघांनी वर जायचं नाही.

आणखी एका गोष्टीबद्दल मला फार वाटतं. त्या गल्ल्यांत लोक राहतात. व्हेनिसच्या जुन्या शहरात 1950 च्या सुमाराला पावणेदोन लाख रहिवासी होते, 2022 मध्ये ते पन्नास हजारांच्या खाली आले. त्यामागे कारणं अनेक आहेत, पण आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी घरांची निवासगृहं होणं हे त्यातलं एक आहे. अहमदाबादच्या पोळांमध्ये, म्हणजे एकाच दाराच्या आत वसलेल्या त्या मोहल्ल्यांमध्ये, शिरलं की बाकडी, पक्ष्यांना दाणे घालायचे चबुतरे, ओट्यावर बसलेली माणसं दिसतात. त्यामुळे तिथला बोळ घराच्या अंगणासारखाच वाटतो. अशा ठिकाणी फोटो काढण्याआधी विचार. दारात बसून केक कापू नका, फुगे फोडू नका, रात्री गाणी लावू नका. कुणी ‘आत या’ म्हटलं तर मात्र वेळेचा विचार न करता जा. यादीत राहिलेल्या चारांपैकी एक त्यासाठी बुडालं तरी हरकत नाही.

संध्याकाळी चौक. पश्चिमेकडे तोंड असलेल्या इमारती समोर येतील अशी जागा धर, शेवटचं ऊन त्यांच्यावर पडतं. चौकात जुनं घड्याळ असेल तर बरंच. ब्रिस्टलच्या जुन्या व्यापारी इमारतीवरच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे आहेत. एक लंडनच्या वेळेचा, दुसरा ब्रिस्टलच्या स्वतःच्या वेळेचा, सुमारे दहा मिनिटं मागे. रेल्वे येण्याआधी प्रत्येक गावाची वेळ त्याच्या सूर्यावर चालायची. ब्रिस्टलने 1852 मध्ये लंडनची वेळ स्वीकारली, तरी त्या घड्याळावर आजही दोन्ही काटे आहेत. मला हे फार आवडतं. बाकीचे मित्र तिथे येतील तेव्हा दिवसभरात काय सापडलं ते त्यांना सांग, आणि तुझ्या वयाची ती वस्तू जवळपास असेल तर नेऊन दाखव. यापलीकडे संध्याकाळसाठी काही ठरवू नकोस.

बूट रुळलेले घाल, नवे नकोत. परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेव. आणि कुठली चार ठेवलीस ते मला कळव. मीही त्या दिवशी फोन करीन, एक ते अडीचच्या मध्येच.

तुझी,
मावशी