क्षय, कर्करोग, जनुके आणि विंचू : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांसोबत वर्तमानपत्राचे एखादे कात्रण किंवा मोबाइलवर आलेला मजकूर जोडलेला होता, आणि विचारणा एकच होती : हे संशोधन खरे आहे का, आणि आमच्या घरातल्या रुग्णाला त्याचा उपयोग होईल का? पाच पत्रे निवडली आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण ज्या प्रश्नांवर आज घरी किंवा गावात काही करता येण्यासारखे आहे त्यांना मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांना फुफ्फुसाचा क्षय झाला असून आरोग्य केंद्रातून गोळ्या चालू आहेत. घरातले सगळे नीट जेवलात तर इतरांना हा आजार होण्याचा धोका कमी होतो, असे आमच्या आशाताई सांगतात. याला काही आधार आहे का? आम्ही घरात सात माणसे आहोत. (एक वाचक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : आधार आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे. झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात ‘रेशन्स’ नावाचा अभ्यास झाला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे त्यात घेतली. निष्कर्ष ऑगस्ट २०२३मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. सर्व रुग्णांना त्यांच्यापुरता शिधा मिळाला. मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या एका गटात रुग्णाच्या घरातील प्रत्येक माणसालाही सहा महिने तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. ज्या घरांत फक्त रुग्णाला शिधा मिळाला, तेथील ४,७२४ माणसांपैकी १२२ जणांना पुढे क्षय झाला. ज्या घरांत सर्वांना मिळाला, तेथील ५,६२१ पैकी ९६ जणांना झाला. इतर फरक जमेस धरून हिशेब केला तेव्हा ही घट ३९ टक्के निघाली, आणि थुंकीच्या तपासणीत जंतू सापडणाऱ्या फुफ्फुसाच्या क्षयात ४८ टक्के.

हे आकडे मी सविस्तर दिले, कारण ‘३९ टक्के घट’ एवढेच वाचले की शंभरातली एकोणचाळीस माणसे वाचली असा समज होतो. प्रत्यक्षात एक नवा रुग्ण टाळायचा तर साधारण तीस घरांना सहा महिने शिधा द्यावा लागतो. मला स्वतःला ही किंमत अतिशय कमी वाटते, कारण त्या तीस घरांतली पोटे त्या सहा महिन्यांत भरलेली असतात, आणि क्षय टाळण्याचा हिशेब त्याच्या वरचा आहे.

क्षयाचे जंतू आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरात निपचित पडून असतात. शरीर खंगले की ते डोके वर काढतात, आणि शरीर खंगण्याचे आपल्या देशातले सर्वांत मोठे कारण अपुरे अन्न हेच आहे. या अभ्यासात दाखल झालेल्या रुग्णांपैकी पाचांतल्या चार जणांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते.

रुग्णाच्या ताटाबरोबर घरातल्या इतर ताटांचा विचार का करावा लागतो, हे मला एका शेतमजुराने शिकवले. पहिल्या दिवशी काट्यावर त्याचे वजन अडतीस किलो भरले. गोळ्या त्याने एक दिवसही चुकवल्या नाहीत, तरी महिन्याने काटा सदतीसवर आला. खोदून विचारल्यावर खाली मान घालून त्याने सांगितले, की त्याच्यासाठी आणलेली अंडी तो दोन्ही मुलांच्या ताटात वाढत होता. कोणता बाप याहून वेगळे वागेल? रुग्णापुरता दिलेला शिधा रुग्णाच्याच पोटात जाईल, असे आपण गृहीत धरतो. भुकेल्या घरात तसे होत नाही.

त्याच अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आढळला. येथे मात्र थोडे जपून वाचावे लागते. शिधा सर्वच रुग्णांना मिळालेला असल्याने शिधा नसलेला गट तुलनेला नव्हता, आणि ज्याचा आजार मुळातच कमी गंभीर त्याचे वजनही लवकर वाढणार. तरीही वजन वाढत नसणे ही धोक्याची घंटा आहे, एवढे यातून नक्की घ्यावे.

आपल्या घरापुरते सांगायचे तर दिरांचे वजन दर महिन्याला त्याच काट्यावर करून वहीत लिहून ठेवावे. भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ दोन्ही वेळा असावी, आणि शेंगदाणे, अंडी, दूध यांपैकी जे परवडेल ते रोज असावे. क्षयरुग्णाच्या आहारासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४पासून महिना एक हजार रुपये झाले आहेत. ते दिरांच्या बँक खात्यात जमा होतात की नाही, हे आशाताईंकडून पाहून घ्यावे. घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी, आणि क्षय नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक गोळ्यांबद्दल, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांसाठी, आरोग्य केंद्रात विचारावे. अन्न ही औषधाची जोड आहे. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत.

प्रश्न : माझ्या वहिनींच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली आहे. गाठीभोवती भूल देण्याचे साधे इंजेक्शन दिल्याने आयुष्य वाढते, असे वाचले. इतकी स्वस्त गोष्ट खरी असेल, यावर विश्वास बसत नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : औषध स्वस्त आहे म्हणून संशोधन हलके ठरत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील अकरा रुग्णालयांत हा प्रयोग झाला आणि २०२३मध्ये तो प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीच्या सर्व बाजूंनी लिग्नोकेन टोचायचे, एवढाच बदल होता. दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी वापरतात तेच हे औषध. सुमारे सोळाशे स्त्रियांची दोन गटांत विभागणी केली होती. पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के. म्हणजे शंभर स्त्रियांमागे साधारण चार जास्त. गाठीला हात लागताना पेशी सुटून पसरण्याची जी शक्यता असते, ती हे औषध कमी करत असावे, असा संशोधकांचा तर्क आहे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्याव्यात. एक तर हा प्रयोग लवकरच्या टप्प्यातील आणि आधी केमोथेरपी न घेता थेट शस्त्रक्रिया होणाऱ्या स्त्रियांवरच झाला. वहिनींना आधी केमोथेरपी दिली असेल, तर हे आकडे त्यांना लावता येत नाहीत. दुसरे म्हणजे तुलनेच्या गटाला साध्या सलाइनचेही इंजेक्शन दिलेले नव्हते, त्यामुळे हाच प्रयोग अन्यत्र पुन्हा होऊन तसाच निष्कर्ष यावा, अशी अपेक्षा काही शल्यविशारद व्यक्त करतात आणि ती रास्त आहे. आपण शल्यविशारदांना हे थेट विचारा. त्यांना राग येईल, ही भीती बाळगू नका.

प्रश्न : रक्ताच्या कर्करोगावरची ‘कार-टी’ उपचारपद्धती आता मुंबईत तयार होते म्हणतात. माझ्या पुतण्याला सांगितलेली केमोथेरपी थांबवून ती घ्यावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कृपया थांबवू नका. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल केंद्र यांनी विकसित केलेल्या ‘नेक्स-कार-१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली, आणि त्याचा खर्च अमेरिकेतील अशा उपचारांच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका आहे. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बाहेर काढून त्यांत कर्करोगाची पेशी ओळखणारे जनुक घालायचे आणि त्या वाढवून परत शरीरात सोडायच्या, अशी ही पद्धत आहे. परंतु ही मान्यता बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या ठरावीक कर्करोगांसाठी, आणि तीही नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या आजारासाठी आहे. २०२५मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त आलेल्या अहवालात ६४ रुग्ण होते आणि सुमारे ७३ टक्के रुग्णांमध्ये आजार आटोक्यात आला. आटोक्यात येणे म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे; काहींचा आजार महिन्यांतच परत येतो. पुतण्याचा आजार पहिल्याच उपचाराने बरा होण्याची संधी असेल, तर ती गमावू नये.

प्रश्न : आमच्या येथून जवळच असलेल्या फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एका तान्ह्या बाळाचे जनुक दुरुस्त केल्याची बातमी वाचली. माझ्या भाचीच्या बाळाला भारतात असाच जन्मजात आजार आहे. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : बातमी खरी आहे. त्या बाळाच्या यकृतात ‘सीपीएस-१’ नावाचे विकर (एन्झाइम) जवळजवळ नव्हते, त्यामुळे प्रथिने पचताना तयार होणारा अमोनिया रक्तात साठून मेंदूला इजा करत असे. त्या एकाच बाळाच्या जनुकातील एकाच अक्षराची चूक सुधारणारे औषध सहा महिन्यांत बनवण्यात आले आणि फेब्रुवारी २०२५मध्ये पहिली मात्रा दिली गेली. नंतर बाळाला जास्त प्रथिने चालू लागली आणि औषधे कमी करता आली. पण हा एका रुग्णाचा अनुभव आहे, आणि दुसऱ्या बाळाच्या जनुकातील चूक वेगळ्या जागी असल्यास तेच औषध चालत नाही. आपल्या भाचीने आज जनुकीय तपासणी करून नेमकी चूक कोणती, हे लेखी घेऊन ठेवावे. असे बहुतेक आजार आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होतात. आपल्याकडे अजूनही होणाऱ्या मामे-आते भावंडांच्या विवाहांत ही शक्यता वाढते, म्हणून पुढच्या अपत्यापूर्वी सल्ला घेणे अगत्याचे आहे.

प्रश्न : गेल्या पावसाळ्याआधी माझ्या सहा वर्षांच्या नातवाला तांबडा विंचू चावला. रडणे थांबले म्हणून आम्ही निश्चिंत झालो, पण थोड्याच वेळात त्याचे हातपाय गार पडले. सुदैवाने तो वाचला. असे का झाले, आणि पुन्हा प्रसंग आला तर काय करावे? (एक वाचक, रायगड जिल्हा)

उत्तर : आपण सांगितलेले चित्र कोकणातल्या कोणत्याही जुन्या डॉक्टरच्या डोळ्यांसमोर लगेच उभे राहील. मूल घामाने निथळते, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, नाडी धावते. आणि उशीर झाला तर श्वास घेताना छातीत घरघर होऊन तोंडाला गुलाबी फेस येतो. दंशाच्या जागी कितीही ठणका असला आणि बाकी काही नसले तर जिवाला सहसा धोका नसतो. रडणे थांबून मूल गार पडणे हे मात्र विष अंगात भिनल्याचे लक्षण आहे. या विषाने शरीरातील उत्तेजक संप्रेरकांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असल्यापासून या रुग्णांच्या उशाशी बसून हा क्रम नोंदवला, आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी वापरायला सुरुवात केली. पूर्वी गंभीर दंशाचे शंभरातले तीसहून अधिक रुग्ण दगावत; ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. पुढे २०११मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा महाडमधील सत्तर रुग्णांचा अभ्यास आला. प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिविष लस दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी आठ. अभ्यास लहान आहे आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, पण फरक इतका मोठा आहे की तो नजरेआड करता येत नाही.

पुन्हा प्रसंग आल्यास मांत्रिकाकडे किंवा दंशाच्या जागी काही उगाळून लावण्यात एक मिनिटही घालवू नये. मुलाला आडवे ठेवून दवाखान्यात न्यावे, आणि प्राझोसिन दिल्यावरही काही तास उठून बसू देऊ नये, कारण त्या गोळीने उभे राहताच रक्तदाब एकदम उतरू शकतो. गोळीची मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती घरी स्वतःहून देऊ नये. आपल्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि प्रतिविष लस दोन्ही आहेत का, हे उन्हाळा लागण्यापूर्वी सरपंचांना घेऊन जाऊन विचारा, आणि नसतील तर मागणीचा अर्ज देऊन त्याची पोच घ्या.