गोळी लिहिण्याआधी रूट विचार

प्रिय डॉक्टर,

ट्रक टर्मिनलवर दवाखाना सुरू करतेस, तर आधी वेळ ठरव. सकाळी दहाला कोणी येणार नाही. रात्रभर गाडी चालवलेला माणूस तेव्हा केबिनमध्ये झोपलेला असतो, नाहीतर माल खाली करायच्या रांगेत. संध्याकाळी पाच ते आठ, चहाच्या टपरीजवळ टेबल मांड. झोपलेल्याला तपासणीसाठी कधीच उठवू नकोस. त्या झोपेहून मोठं औषध तुझ्या पेटीत नाही.

बीपी घाईत मोजू नकोस. चहा-बिडी झाल्यावर अर्धा तास जाऊ दे. मग पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसव, दंड छातीच्या पातळीला, आणि दोनदा मोज. जाड दंडाला मोठा पट्टा हवा. लहान पट्ट्याने आकडा खोटाच वाढतो.

खरी चूक औषध लिहिताना होते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड (मधुमेहाच्या गोळ्या) घेतलं आणि जेवण हुकलं, तर साखर एकदम उतरते. ड्रायव्हरचं जेवण घाटातल्या जामवर आणि लोडिंगवर ठरतं, म्हणून 'जेवता कधी?' हे आधी विचार. मेटफॉर्मिन एकटं असेल तर ही भीती फारच कमी. ज्यांना या गोळ्या किंवा इन्सुलिन टळत नाही, त्यांना ग्लुकोमीटर वापरायला शिकव आणि ग्लुकोज पावडर सीटजवळ ठेवायला सांग. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की गाडी कडेला. साखर 70 च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग पोटभर खाणं. आकडा सुधारला तरी 45 मिनिटं स्टिअरिंग नको, कारण मेंदू ताळ्यावर यायला रक्तापेक्षा जास्त वेळ घेतो.

बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी दिलीस, तर तो गोळी सोडेल किंवा पाणी पिणं सोडेल. टँकर घेऊन घाट उतरताना थांबायला जागा नसते. त्यात केबिन तापलेली. वातानुकूलित केबिनची सक्ती 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या मध्यम आणि अवजड ट्रकनाच आहे, जुन्या गाड्या तशाच धावतायत. पाणी तोडलं की मुतखड्याचा धोका वाढतो. दुसरं औषध चालत असेल तर ते दे. नसेल तर गोळीची वेळ गाडी उभी असते त्या तासांशी जोड.

सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं. ते झोप आणतं. मेडिकलवाल्याला ड्रायव्हर असल्याचं सांगायची सवय लाव.

घोरण्याबद्दल ड्रायव्हरला विचारून उपयोग नाही, किन्नरला, म्हणजे गाडीवरच्या मदतनीसाला विचार. (हल्ली बऱ्याच गाड्यांवर किन्नर ठेवत नाहीत, हे फार वाईट झालं.) मानेचा घेर 43 सेंमीच्या वर आणि दिवसा डुलक्या, तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करायला पाठव.

गुटख्याने जबडा आखडतो, म्हणून तोंड उघडायला लाव. उभी तीन बोटं आत जात नसतील तर दंतवैद्याकडे चिठ्ठी दे.

मालक भेटलाच तर 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात (तो नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहितेने रद्द झाला) होता तो नियम त्याच्यापुढे ठेव: सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. बीपीच्या गोळीइतकाच आग्रह त्याचाही धर.

हा पेशंट पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येणार नाही, तो कोलकात्याला असेल. म्हणून महिन्याची औषधं दे, कार्डावर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव आणि आजचे आकडे लिही, आणि तो टेबलापासून उठायच्या आत त्याच्याच मोबाइलवर कार्डाचा फोटो काढून घे.

सस्नेह,
तुझे सर