तीन वर्षं ठेवलेल्या डार्क बेल्जियन एलला शेरीसारखा वास येतोय आणि फेस टिकत नाहीये, बियर खराब झाली का?

नाही, ओतून देऊ नका. साडेनऊ टक्के अल्कोहोलची डार्क बेल्जियन एल, कपाटात अंधारात उभी ठेवलेली, उघडल्यावर मनुका आणि शेरीचा (स्पेनची कडक वाइन) वास, फेस आला पण लगेच बसला, तळाशी तपकिरी गाळ, तुम्ही लिहिलेल्या या सगळ्यात खराब झाल्याची खूण मला एकही दिसत नाही. लोक या बियर मुद्दाम ठेवून देतात ते याच वासासाठी. ताज्या बाटलीची चव डोक्यात असली की पहिल्या घोटाला दचकायला होतं एवढंच.

मी रोशफोर १०, शिमे ब्लू, सेंट बर्नार्डस आब्ट १२ या बाटल्या बऱ्याच वर्षांपासून ठेवून पीत आलोय आणि माझं मत असं झालंय की काळ या बियरमध्ये घालतो थोडं आणि काढून घेतो बरंच. ताज्या बाटलीत यीस्टने बनवलेला केळ्या-पेअरचा फळकट वास असतो, लवंगेसारखा मसालेदारपणा असतो, हॉप्सचा, म्हणजे बियरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा असतो, आणि अल्कोहोल घशाला जरा झोंबतं. केळ्याचा वास देणारं एस्टर हळूहळू तुटत जातं, कडवटपणा उतरतो, आणि कडवटपणा उतरला की साखर एक कणही न वाढता बियर जास्त गोड लागायला लागते. अल्कोहोल मात्र तेवढंच राहतं हं, फक्त टोचत नाही, त्यामुळे जुनी बाटली सौम्य समजून भराभर पिऊ नका. तर हा वरचा गोंगाट कमी झाला की खाली दडलेली डार्क कॅन्डी शुगर (बेल्जियन बियरमध्ये घालतात ती गडद साखर) आणि माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) पुढे येतात, म्हणजे अंजीर, खजूर, करपवलेली साखर, थोडा कोको.

शेरीचा वास येतो ऑक्सिजनमुळे. बाटलीच्या मानेत थोडी हवा राहतेच आणि झाकणातूनही वर्षानुवर्षं कणाकणाने आत जाते. या बियर बाटलीतच पुन्हा आंबवतात, थोडी साखर आणि जिवंत यीस्ट घालून, ते यीस्ट सुरुवातीचा बराचसा ऑक्सिजन खाऊन टाकतं म्हणून त्या इतक्या टिकतात. पुढे जो ऑक्सिजन उरतो त्याने फिकट लागर बियरला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो, पण भरपूर अल्कोहोल आणि डार्क माल्ट असलेल्या बियरमध्ये त्याच ऑक्सिजनमुळे शेरी, पोर्ट, मनुका असं काहीतरी तयार होतं. तुमच्याकडे तेच झालंय.

फेसाचं म्हणाल तर तळाचं यीस्ट मरायला लागलं की त्यातून प्रोटीन तोडणारं एन्झाइम बाहेर पडतं आणि फेस धरून ठेवणारी प्रोटीनंच कमी होतात. गॅस गेलाय असा त्याचा अर्थ नाही. घोट जिभेवर दाबून बघा, बारीक चुरचुर जाणवली तर सगळं ठीक, अगदीच पाण्यासारखी सपाट लागली तर झाकण नीट बसलेलं नव्हतं.

खरंच बिघडलेली बाटली कशी ओळखायची? ओल्या पुठ्ठ्याचा वास बाकी सगळ्यावर चढला असेल, व्हिनेगरसारखी आंबट असेल, किंवा उघडताच कारंजं उडालं आणि चवही आंबट निघाली, तर ती गेली. सोया सॉसची किंवा मटणाच्या रश्शासारखी चव आली तर यीस्ट मरून फुटलंय, ती चव हलकीशी असेल तर मला चालते, उलट बरी वाटते, पण तीच तेवढी लागत असेल तर बाटली बहुतेक उष्णतेत राहिली. आणि इथे लोक वर्षं मोजत बसतात पण तापमान कुणी विचारत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुपटीने वेगात होतात, त्यामुळे १३ अंशांवरची तीन वर्षं आणि २८ अंशांवरची तीन वर्षं यांची तुलनाच नको.

अशीच दुसरी बाटली असेल तर ती उघडताना एवढं करा. आधी एक-दोन दिवस उभी ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल. फ्रिजमधून काढून थेट ओतू नका, १२ अंशांच्या आसपास येऊ द्या, कारण फार थंड असताना वास आणि चव दबून जातात. रुंद तोंडाचा गॉब्लेट (दांड्याचा ग्लास) घ्या, एका दमात हळूहळू ओता आणि गाळ हलायला लागला की थांबा. मग घाई नको. पहिल्या दहा मिनिटांत जे कळतं ते अर्धवट असतं, ग्लास हातात जरा कोमट झाला की अंजीर, कोको, जुन्या चामड्यासारखा वास हे एकेक करत वर येतं. गाळ वेगळ्या छोट्या ग्लासात चाखून बघा, ताज्या बाटलीचा गाळ पावासारखा लागतो, जुन्याचा मला तरी नको वाटतो.

जमलं तर त्याच बियरची ताजी बाटली शेजारी घ्या, ताजी आधी आणि जुनी नंतर. शिमे ब्लू यासाठी सोयीची, ती १९४८ साली नाताळची बियर म्हणून आली आणि लेबलवर वर्ष छापलेलं असतं.

किती वर्षं ठेवायची यावर लोक भांडतात. माझ्या जिभेला दोन ते पाच वर्षं पटतात, त्यापुढे बियरचं अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, पातळ होत जातं आणि शेरी उरते, बियर उरत नाही. ११.३ टक्क्यांची रोशफोर १० जास्त ताणते, ७ टक्क्यांच्या आसपासची डबल (Dubbel, डार्क बेल्जियन एलचा हलका प्रकार) मात्र ठेवूच नका, ताजीच प्या. ओर्व्हाल या बेल्जियन बियरला यातला एकही नियम लावू नका, तिच्यातलं ब्रेटॅनोमायसिस यीस्ट उरलेली साखर खात राहतं आणि ती कोरडी होत जाते, तो वेगळाच प्रकार आहे.

आणि हो, जुनी बाटली उघडली की त्याच संध्याकाळी संपवायची, दुसऱ्या दिवशी त्यात काही राम राहत नाही. ७५ सेंटीलिटरची असेल तर दोन-तीन जणांत उघडा, एकट्याला ती जड जाईल.