गोमधल्या लूप व्हेरिएबलच्या पॉइंटरची चूक: गो व्हेट गप्प का राहतं आणि कोणतं टूल लावावं?

तुमचा प्रश्न असा आहे: सर्व्हिस गो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या १.१९ आवृत्तीवर चालते, रेंज लूपमध्ये (यादीतल्या एकेका घटकावर फिरणाऱ्या) &युजर (युजर व्हेरिएबलचा पत्ता, म्हणजे पॉइंटर) एका स्लाइसमध्ये, म्हणजे यादीत, अपेंड केलं, आणि लूप संपल्यावर स्लाइसमधले सगळे पॉइंटर शेवटच्याच युजरचे निघाले, कारण १.१९ मध्ये सगळ्या फेऱ्यांत लूप व्हेरिएबल एकच असतं. गोसोबत येणाऱ्या गो व्हेट या तपासणीच्या टूलने काहीच दाखवलं नाही. स्टॅटिक अ‍ॅनालिसिसने (कोड न चालवता तपासून) अशा चुका पकडता येतील का?

बऱ्याचशा येतील, सगळ्या नाही. आणि ज्या निसटतात त्याच जास्त नुकसान करतात, म्हणून कोणतं टूल नेमकं काय बघतं हे समजून घेऊनच ते लावा.

व्हेटमधली लूपक्लोजर ही तपासणी पत्त्याकडे बघतच नाही. लूप व्हेरिएबल एखाद्या निनावी फंक्शनने पकडलं आहे का आणि ते फंक्शन गो (समांतर चालवणं) किंवा डिफर (शेवटी चालवणं) या शब्दाने सुरू केलंय का, मुख्यतः एवढंच ती पाहते. तेही साधारणपणे लूपमधलं शेवटचं स्टेटमेंट असेल तरच. पुढे आणखी काही कोड असला तर तिथे वेटग्रुपने समांतर कामं संपण्याची वाट पाहिलेली असू शकते आणि मग तक्रार खोटी ठरेल, म्हणून ती गप्प बसते. तुमचा अपेंड तिच्या टप्प्यातच येत नाही. शिवाय गो टेस्ट आपोआप व्हेट चालवतं खरं, पण त्यातल्या निवडक तपासण्याच, आणि लूपक्लोजर त्यांत नाही. म्हणजे सीआयमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीत) फक्त टेस्ट चालवत असाल तर तीही तपासणी होत नाहीये. व्हेटची पायरी वेगळी घाला.

तुमच्या उदाहरणासाठी बनलेलं टूल म्हणजे एक्सपोर्टलूपरेफ. लूप व्हेरिएबलचा पत्ता लूपबाहेरच्या स्लाइसमध्ये, मॅपमध्ये किंवा व्हेरिएबलमध्ये गेला की ते बोट ठेवतं. खोटी तक्रार शक्यतो करायचीच नाही हे त्याचं धोरण, त्यामुळे सीआय त्याच्यावर अडवायला हरकत नाही. गोलँगसीआय-लिंट या अनेक तपासण्या एकत्र चालवणाऱ्या टूलने त्याला आता निवृत्त केलंय, पण १.१९ वर असेपर्यंत जुनी आवृत्ती पिन करून ते वापरा. दुसऱ्या टोकाला गोसेक या सुरक्षा तपासणाऱ्या टूलचा जी६०१ हा नियम आहे. रेंजच्या व्हेरिएबलला & लावलेला दिसला की तो ओरडतो, मग तो पॉइंटर त्याच फेरीत वापरून संपला असला तरी. तो रोज सीआयमध्ये ठेवू नका. लोक आठवडाभरात नोलिंट (तपासणी बंद करणारी कॉमेंट) लिहून त्याला गप्प करतात. पण एकदा पूर्ण रेपोवर चालवा आणि यादी माणसाने वाचून काढा. माझा आग्रह याच कामाचा आहे.

कारण सगळ्यात धोकादायक जागा म्हणजे फंक्शनला दिलेला पॉइंटर. वेबसाइटना फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं २०२० मधलं प्रकरण आठवा. त्यांच्या बोल्डर या सर्व्हरमध्ये डोमेनच्या परवानग्यांच्या मॅपवरून एक लूप फिरत होता. लिहिणाऱ्याला हा धोका माहीत होता: मॅपची ‘की’ (key) प्रत्येक फेरीत बदलते म्हणून तिची प्रत काढलेली होती, वर तशी कॉमेंटही होती. पण व्हॅल्यूचा पत्ता थेट दुसऱ्या एका फंक्शनला दिला होता, आणि त्या फंक्शनने आतल्या फील्डचे पॉइंटर उत्तरात ठेवून दिले. परिणाम असा की एका सर्टिफिकेटमध्ये अनेक डोमेनची सीएए नोंद (त्या डोमेनला सर्टिफिकेट कोण देऊ शकतं हे सांगणारी) पुन्हा तपासायची असली तर एकच डोमेन तितक्या वेळा तपासलं जायचं. जुलै २०१९ मध्ये आलेला हा दोष २९ फेब्रुवारी २०२० ला कळला, आणि ३० लाखांहून जास्त सर्टिफिकेटांना त्याचा फटका बसला. एक्सपोर्टलूपरेफ इथे काही बोललं नसतं, कारण फंक्शनच्या आत त्या पॉइंटरचं काय होतं हे ते बघत नाही. जी६०१ च्या यादीत मात्र ती ओळ आली असती.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: कोडमध्ये & न दिसताही पत्ता घेतला जातो. व्हेरिएबल १६ बाइटचा अ‍ॅरे असेल आणि त्याला [:] लावून स्लाइस केला, तर तो स्लाइस त्याच व्हेरिएबलच्या मेमरीवर उभा असतो. यूयूआयडी (१६ बाइटचे ओळख क्रमांक) गोळा करताना हे हमखास होतं. तसंच पॉइंटर रिसीव्हरची मेथड गो किंवा डिफरने बोलावली की कंपायलर स्वतःच पत्ता घेतो. फक्त & शोधणारी टूल्स इथे उपयोगाची नाहीत; टाइपची माहिती वापरणारी तपासणी लागते.

आता खरा उपाय. गो १.२२ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२४ पासून, लूपमध्येच जाहीर केलेलं व्हेरिएबल प्रत्येक फेरीत नवं बनतं. नुसता कंपायलर बदलून भागत नाही, गो.मॉड या मॉड्यूलची माहिती ठेवणाऱ्या फाइलमधली गोच्या आवृत्तीची ओळ १.२२ किंवा पुढची हवी. बदल मॉड्यूलपुरता असतो, त्यामुळे डिपेंडन्सी आपापल्या ओळीप्रमाणे वागतात. एकदम उडी नको असेल तर बिल्ड टॅगने (फाइलच्या वर लिहिलेल्या बिल्डच्या अटीने) एकेक फाइल नव्या नियमावर नेता येते. अपग्रेडनंतर काही टेस्ट पडतील. बहुतेक वेळा त्या पॅरलल सबटेस्ट (एकाच वेळी चालणाऱ्या उप-टेस्ट) असतात, ज्या आजवर टेबलातली फक्त शेवटचीच केस पुन्हापुन्हा तपासत होत्या. त्यांना दोष देऊ नका, त्या आता पहिल्यांदा खरं बोलताहेत. नेमक्या कोणत्या लूपमुळे टेस्ट पडली हे शोधायला गो टीमचं बायसेक्ट टूल आहे. ते लूपांच्या वेगवेगळ्या गटांना नवा नियम लावून बघतं आणि दोषी ओळ दाखवतं. जुन्या प्रती काढणाऱ्या ओळी साफ करायला कॉपीलूपव्हार लिंटर पुरेसा आहे.

१.२२ नंतरही एक प्रकार जसाच्या तसा उरतो आणि डेटाबेसच्या कोडमध्ये तो फार दिसतो: लूपच्या वर रो हे व्हेरिएबल जाहीर केलं, आत त्यात स्कॅन केलं (डेटाबेसची एकेक ओळ वाचून घेतली), आणि &रो अपेंड केला. व्हेरिएबल लूपचं नाहीच, त्यामुळे नवा नियम लागू होत नाही. यासाठी मी स्वतःचा छोटा अ‍ॅनालायझर लिहायला सांगेन. गोचं अ‍ॅनालिसिस पॅकेज वापरलं तर एका दुपारचं काम आहे. लूपमधल्या प्रत्येक अपेंडचा अर्ग्युमेंट & ने सुरू होतो का ते बघा, टाइप माहितीतून त्या नावाचा ऑब्जेक्ट काढा, आणि त्याची जागा लूप सुरू होण्याच्या आधीची असेल तर तक्रार करा. मॅपमध्ये ठेवणं आणि चॅनलवर पाठवणं हेही त्यात घाला. फंक्शनला दिलेले पॉइंटर मात्र मुद्दाम सोडा, नाहीतर स्कॅनला दिलेला प्रत्येक फील्डचा पत्ता यादीत येईल.