‘ओळी मर्यादित करणे’ आणि चलाने ठरणारी मर्यादा

वणी तालुक्यातील एका जिनिंगमध्ये संगणकाचे काम पाहणाऱ्या वाचकाचा प्रश्न असा आहे : कापूसखरेदीच्या तक्त्यातून किती काटापावत्या दाखवायच्या, हे वापरणाऱ्याने भरलेल्या आकड्यावर ठरते, नव्या मुलांसाठीच्या टिपणात यासाठी ‘क्वेरी चलाद्वारे परत केलेल्या ओळी मर्यादित करते’ असे लिहिले तर चालेल का (क्वेरी म्हणजे तक्त्यातून माहिती मागवणारी आज्ञा), आणि ‘ओळी’ म्हणावे, ‘नोंदी’ म्हणावे की शेतातल्या पिकाच्या ओळीला आपल्याकडे म्हणतात ते ‘तास’?

‘तास’ मोह पाडणारा शब्द आहे, कारण कपाशीत तुरीचे तास पेरणाऱ्याला आडवी-उभी मांडणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. परंतु ‘दहा तास दाखवा’ हे लेखी वाक्य विदर्भाबाहेरचा वाचक घड्याळाकडे पाहूनच वाचेल. ‘रांग’ माणसांची आणि ‘पंगत’ जेवणाची असल्यामुळे खरी निवड ‘ओळ’ आणि ‘नोंद’ यांतच उरते. पावत्यांच्या तक्त्यापुरते दोन्ही शब्द चालतील. मात्र क्वेरीने गाववार बेरीज काढली की उत्तरात येणारी ‘मारेगाव, एकूण इतके क्विंटल’ ही ओळ मूळ तक्त्यात कोणीही नोंदवलेली नसते. म्हणून ‘ओळ’ हाच शब्द सर्वत्र टिकतो. ‘चल’ हा शब्द ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ शिकलेल्या मुलांना परिचित आहे, आणि त्याला ‘किंमत’ असते, हेही त्यांना ठाऊक असते.

मूळ वाक्यात मला खटकते ते ‘परत केलेल्या’. मराठीत जे आधी घेतले तेच परत करतात. क्वेरी ओळी ‘देते’, एवढे पुरे. ‘मर्यादित ओळी’ म्हटल्यावर तर ‘थोड्याशा’ असा भलताच अर्थ निघतो. त्याऐवजी मी असे लिहीन : ‘क्वेरीने जास्तीत जास्त किती ओळी द्यायच्या, ते या चलाच्या किमतीवरून ठरते.’ ‘जास्तीत जास्त’ येथे शोभेसाठी नाही. चलाची किंमत दहा असून अटीत बसणाऱ्या पावत्या चारच असतील, तर चारच ओळी येतील, आणि ‘दहा ओळी देते’ असे वाचलेला मुलगा बाकीच्या सहा शोधत बसेल.

‘पहिल्या दहा’ हा प्रयोगही जपून करावा. कशात पहिल्या, हे क्रम ठरवणाऱ्या ‘ऑर्डर बाय’ने सांगितले नसेल, तर कोणत्या दहा ओळी येतील याची हमी नसते, अशा वेळी ‘कोणत्याही दहा’ हेच खरे वर्णन, आणि क्रम दिला असेल तर ‘वजनाच्या उतरत्या क्रमाने पहिल्या दहा’ असे पूर्ण लिहावे.

‘चल वापरून’ एवढे मोघम लिहूनही भागणार नाही, कारण प्रत्येक डेटाबेस प्रणालीची रीत निराळी आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2005 च्या आवृत्तीपासून ओळींची मर्यादा सांगणाऱ्या ‘टॉप’नंतर चल देता येतो, पण तो कंसात लागतो, त्याआधी ‘सेट रोकाउंट’ या वेगळ्या आज्ञेचा वळसा घ्यावा लागे. मायएसक्यूएलमध्ये त्याच कामाच्या ‘लिमिट’नंतर @ चिन्हाचा चल थेट चालत नाही : स्टोअर्ड प्रोसीजरमधला (डेटाबेसमध्ये साठवून ठेवलेल्या आज्ञासंचातला) पूर्णांकी चल तरी हवा, किंवा आधी तयार केलेल्या विधानात प्रश्नचिन्ह ठेवून त्याजागी किंमत भरावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएल ‘लिमिट’पुढे पदावलीही स्वीकारते. तेव्हा टिपणात ‘चलाची किंमत कंसात द्यावी’ किंवा ‘प्रश्नचिन्हाच्या जागी भरावी’ असे नेमके क्रियापद घालणे बरे.

एका ठिकाणी मात्र माझे ‘जास्तीत जास्त’ही लंगडे पडते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘टॉप’ला ‘विथ टाइज’ जोडले आणि दहाव्या पावतीइतक्याच वजनाच्या आणखी दोन पावत्या निघाल्या, तर उत्तरात बारा ओळी येतात. तेथे ‘पहिल्या दहा आणि दहावीच्या बरोबरीच्या सर्व ओळी’ असे लांबलचकच लिहावे लागेल.