वाचकांचे प्रश्न : रात्रीचा समुद्र आणि मोठा मासा

प्रश्न : आम्ही चौघे मित्र सुटीच्या दिवशी गंगेवर (गोदावरीवर) गळ टाकून बसतो. रोहू, मरळ, शिंगटा आम्हांला नेहमी मिळतात. या हिवाळ्यात कोकणात जाऊन रात्री होडीतून खोल पाण्यातले मोठे मासे धरण्याचा आमचा विचार आहे. कोणती रात्र निवडावी? आमचे सामान चालेल का? चौघांपैकी दोघांना पोहता येत नाही.
— एक वाचक, गंगाखेड

उत्तर : आपण मासा, सामान आणि रात्र यांविषयी विचारले आहे; माझ्या मते त्याआधी होडी आणि तांडेल (होडी चालवणारा प्रमुख) ठरवावा. मासेमारीच्या होडीचा परवाना मासेमारीसाठी असतो, प्रवासी नेण्यासाठी नव्हे. म्हणून महाराष्ट्र सागरी मंडळाचा प्रवासी परवाना असलेलीच होडी घ्यावी आणि त्या परवान्यात रात्रीच्या फेरीस मुभा आहे का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच विचारावे. कोणी ‘इथे सगळे चालते’ असे सांगू लागला, तर तेथून परत फिरावे. होडीत चौघांसाठी चार लाइफ जॅकेट, वायरलेस संच आणि जादा इंधन हवे. ज्यांना पोहता येत नाही त्यांनीच नव्हे, तर सर्वांनी जॅकेट निघाल्यापासून परतेपर्यंत अंगात ठेवावे, कारण अंधारात पाण्यात पडलेला माणूस पोहणारा असला तरी दिसत नाही. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक, तसेच परतण्याची वेळ, किनाऱ्यावरील एका जबाबदार माणसाकडे लिहून ठेवावी. किनारा दूर गेला की मोबाइलला रेंज मिळत नाही. मद्य होडीत नेऊ नये, याबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही. आणि वारा फिरल्याचे सांगून तांडेलाने होडी वळवली, तर गळाला मासा लागलेला असला तरी वाद घालू नये.

रात्र निवडताना पंचांग उपयोगी पडेल. नदीला एकच दिशा असते. समुद्राचे पाणी साधारण सहा तास चढते आणि तितकाच वेळ उतरते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाण्याला इतकी ओढ असते की दोरीला बांधलेले शिसे तळाशी ठरत नाही. अष्टमी ते दशमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असते आणि ओढ मंदावते. तळाचे मासे धरण्यास नवख्यांसाठी तोच काळ बरा. शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळत असल्याने पुढचा अंधारही मिळतो. हिवाळ्याची आपली निवड योग्य आहे. 1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते, ही गोष्ट पुढच्या बेतांसाठी ध्यानात ठेवावी.

रात्री तळाशी चरणारे हेकरू, तांबोशी, घोळ, वाम हे मासे अधिक मिळतात. सुरमईसाठी पहाटेची वेळ चांगली. नदीवरचा बारीक तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) येथे टिकणार नाही. सुरमईचे दात धारदार असल्याने गळाच्या वर वितभर तारेचा तुकडा लागतो, तर खडकात शिरणाऱ्या हेकरूसाठी जाड तंगूस. आमिषाला ताजा बांगडा, तारली किंवा माकूल (स्क्विड) घ्यावे. दोरी हाताला कधीही गुंडाळू नये, कारण मोठा मासा अचानक खाली धावला की ती बोटांत रुतते. हातमोजे न्यावेत. एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यास 2017 पासून बंदी आहे, त्यामुळे कोणी तसा दिवा पेटवण्याचे सुचवल्यास नकार द्यावा.

एक कळकळीची विनंती आहे. हेकरू सावकाश वाढतो. तो प्रथम मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. खोलातून वर ओढलेल्या माशाचा वायुकोश फुगत असल्याने तो पाण्यात सोडला तरी बहुधा जगत नाही. तेव्हा चौघांना पुरेल इतके मासे मिळाले की दोऱ्या गुंडाळाव्यात. गळाला कासव अडकले, तर दोरी गळाजवळ कापून त्याला सोडावे; ते कायद्याने संरक्षित आहे.

मळमळीची गोळी निघण्याच्या तासभर आधी, डॉक्टरांना विचारून घ्यावी. होडीच्या मधोमध, डिझेलच्या धुरापासून दूर बसावे. जेवण हलके असावे, मात्र पोट रिकामे नसावे.

प्रश्न : समुद्रातील शिंगाळ्याचा काटा नदीतील शिंगट्यापेक्षा जास्त विषारी असतो का? लागल्यास काय करावे?
— एक वाचक, वसमत

उत्तर : पाठीवरच्या आणि छातीजवळच्या काट्यांना विष असते आणि वेदना फार तीव्र असते, त्यामुळे नदीच्या अनुभवावर विसंबू नये. जखमेचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण 45 अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. उष्णतेने त्या विषाचा जोर ओसरतो. दुखावलेल्या हाताला उष्णतेचा नीट अंदाज येत नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासावे. यासाठी थर्मासमध्ये गरम पाणी न्यावे. त्यानंतर धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी आणि काट्याचा तुकडा आत राहिला आहे का हे पाहण्यासाठी डॉक्टरांकडे जावे. पाकटाच्या (लांब शेपटीच्या चपट्या माशाच्या) शेपटीचा काटा छातीत किंवा पोटात घुसला असल्यास तो उपसू नये. होडी तत्काळ किनाऱ्याकडे वळवावी.